गोल्फची हिरवळ : वसंतातील मशागत

शिशिराची पानगळ संपून झाडांना नवी पालवी फुटू लागली की वसंत आला असे आपण म्हणतो. झाडाचा वसंत डोळ्यांना चटकन दिसतो. गवताचा वसंत मात्र प्रथम जमिनीखाली सुरू होतो आणि पात्यांवर त्याची खूण उमटते ती काही दिवसांनी. शेकडो पावलांखाली रोज तुडवली जाणारी आणि तरीही गालिच्यासारखी सपाट राहणे जिच्याकडून अपेक्षित असते, अशा हिरवळीची निगा राखणाऱ्याला हा भूमिगत वसंत ओळखता आला पाहिजे. गोल्फच्या मैदानाइतकी ही विद्या इतरत्र क्वचितच पणाला लागत असेल. वसंतातल्या सहा-आठ आठवड्यांत केलेल्या कामावर, आणि मुद्दाम न केलेल्या कामावरही, पुढील वर्षभराची हिरवळ अवलंबून असते. आपल्याकडे तर या प्रश्नाला पाण्याची बाजूही आहे, म्हणून तो केवळ खेळाडूंपुरता राहत नाही.

भारताला गोल्फ नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातील सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून तो ओळखला जातो. पुण्यात येरवड्याचा क्लब १८८५ साली, तर मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ साली स्थापन झाला. अलीकडच्या काळात सिडकोने नवी मुंबईत खारघर येथे गोल्फचे मैदान विकसित केले. या मैदानांवर खेळणाऱ्यांची संख्या क्रिकेटच्या तुलनेने अल्प असली, तरी गवताच्या निगेचे जे शास्त्र या खेळामुळे वाढीस लागले त्याचा उपयोग शाळेच्या क्रीडांगणापासून सार्वजनिक उद्यानापर्यंत सर्वत्र होण्यासारखा आहे.

एक मैदान, चार प्रकारचे गवत

अठरा होलच्या मैदानाला साधारणपणे ५० हेक्टर किंवा त्याहून अधिक जमीन लागते. या सर्व जमिनीवरील गवत सारखे नसते. चेंडूला पहिला टोला जेथून मारावयाचा ती जागा म्हणजे टी. तेथून पुढे पसरलेला, १० ते १५ मिलिमीटर उंचीवर कापलेला पट्टा म्हणजे फेअरवे. त्याच्या दोन्ही बाजूंचे वाढू दिलेले गवत म्हणजे रफ. आणि शेवटी येते ते ग्रीन. येथे १०८ मिलिमीटर व्यासाचे भोक असते व त्यात चेंडू अलगद ढकलावयाचा असतो. ग्रीनवरील गवताची उंची बहुधा ३ ते ५ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही कमी ठेवली जाते. एका ग्रीनचे क्षेत्र सरासरी ५०० चौरस मीटर धरले, तर अठरा ग्रीन मिळून एक हेक्टरही भरत नाही. परंतु माळ्याच्या चिंतेचा मोठा वाटा याच एका हेक्टरकडे जातो.

याचे कारण उघड आहे. पाने ही वनस्पतीची चूल होय. सूर्यप्रकाशात अन्न तयार होते ते तेथेच. पाते तीन मिलिमीटरवर छाटले की चूलही लहान होते आणि तिच्या जोरावर वाढणारी मुळेही आखूड राहतात. आखूड मुळांच्या गवताला पाणी वारंवार लागते, रोग लवकर जडतो आणि उन्हाची तिरीप सोसत नाही. ग्रीन राखणे म्हणजे एका अर्थी अशक्तपणाच्या काठावर उभ्या असलेल्या वनस्पतीला सशक्त ठेवणे होय.

सेंट अँड्र्यूजचा संथ वसंत

या खेळाचे माहेर म्हणजे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज हे गाव. येथील जुने मैदान कोणी आखून बांधलेले नाही. समुद्र मागे हटल्यावर उरलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यांवर उगवलेले फेस्क्यू व बेंट जातींचे बारीक गवत आणि ते चरणाऱ्या मेंढ्या व ससे यांनी ते घडवले. वाळूत पाण्याचा निचरा उत्तम होतो आणि अन्नांश मात्र अल्प असतो. अशा उपासमारीच्या जमिनीत फेस्क्यूसारखे काटक गवत तग धरते आणि खादाड गवताला शिरकाव मिळत नाही. जमिनीचे दारिद्र्य हेच येथे हिरवळीचे वैभव ठरले.

तेथील वसंत आपल्यासारखा उष्ण नसतो. मार्च व एप्रिल महिन्यांत उत्तर समुद्रावरून कोरडे, बोचरे वारे वाहतात. दिनदर्शिकेत वसंत उजाडलेला असतो, पण जमीन थंडच असते. अशा वेळी हिरवा रंग लवकर यावा म्हणून नत्राची मात्रा वाढविण्याचा मोह होतो. जाणता ग्रीनकीपर तो टाळतो. थंड जमिनीत दिलेले जादा खत फेस्क्यूच्या उपयोगी न पडता वर्षायू जातीच्या तणसदृश गवताला पोसते, आणि एकदा त्याने पाय रोवले की ते काढता काढता पिढी जाते.

टॉम मॉरिस या ख्यातनाम ग्रीनकीपरचा या परंपरेत मोठा वाटा आहे. १८२१ साली जन्मलेल्या मॉरिस यांनी १८५१ पासून प्रेस्टविक येथे आणि १८६० च्या दशकाच्या मध्यापासून १९०३ पर्यंत सेंट अँड्र्यूज येथे मैदानाची देखभाल केली. प्रेस्टविकला एकदा ग्रीनवर वाळूची हातगाडी कलंडली आणि काही दिवसांनी नेमके तेथलेच गवत दाट झालेले दिसले, अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, गवतावर वाळूचा पातळ थर देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली आणि आज ती जगभर चालते. दुसरी प्रथा विश्रांतीची. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान, मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडल्यास, रविवारी खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावकरी तेथे फिरावयास येतात. ही जमीन सार्वजनिक मालकीची असून १९७४ पासून तिचा कारभार कायद्याने स्थापन झालेला एक न्यास पाहतो.

दोन स्वभावांची गवते

स्कॉटलंडचे वेळापत्रक उचलून पुण्यात किंवा नागपुरात लावता येत नाही. हिरवळीच्या गवतांचे दोन मोठे वर्ग आहेत. फेस्क्यू, बेंट, राय ही थंड हवेची गवते होत. जमिनीचे तापमान ५-६ अंश सेल्सिअसच्या वर गेले की ती हलू लागतात आणि हवेचे तापमान १५ ते २४ अंशांच्या दरम्यान असताना जोमाने वाढतात. उन्हाळा कडक झाला की त्यांची वाढ खुंटते. दुसरा वर्ग उष्ण हवेच्या गवतांचा. त्यातील प्रमुख म्हणजे आपली हरळी, जिला आपण दूर्वा म्हणूनही ओळखतो. अमेरिकेत तिला बर्म्युडा गवत म्हणतात. जमीन १८ अंशांच्या आसपास तापल्याखेरीज तिला खरी जाग येत नाही आणि २७ ते ३५ अंशांच्या उष्म्यात ती बहरते. जमिनीचे तापमान १० अंशांच्या खाली गेले की ती पिवळी पडून निद्रिस्त होते.

यावरून एक साधा नियम निघतो. वसंतातील कामाचा मुहूर्त पंचांगात शोधू नये, तो जमिनीला विचारावा. दहा सेंटिमीटर खोल घातलेला साधा तापमापक सकाळी सलग आठवडाभर काय दाखवतो हे टिपून ठेवले की मशागतीची वेळ कळते. महाराष्ट्राच्या पठारावर थंडीत हरळी पूर्णतः झोपत नाही, पण मंदावते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तिच्या गाठींतून नवे फुटवे निघू लागतात. कोकणात ही विश्रांती जवळपास नसतेच.

ऑगस्टाची हिरवाई

गोल्फच्या हिरवळीचे जे चित्र जगाच्या मनावर ठसले आहे, ते बहुतांशी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल या मैदानाचे. १९३३ साली सुरू झालेल्या या मैदानावर १९३४ पासून, मोजके अपवाद वगळता, वसंत ऋतूत मास्टर्स स्पर्धा भरते. रंगीत दूरचित्रवाणीवर दिसणारी तेथील निर्दोष हिरवाई पाहून अनेक क्लबांच्या सभासदांना आपले मैदान फिके वाटू लागले. परंतु एप्रिलमध्ये फेअरवेवर दिसणारा तो रंग प्रामुख्याने शरद ऋतूत मुद्दाम पेरलेल्या राय गवताचा असतो. खालची हरळी त्या वेळी नुकती कुठे जागी होत असते. तेथील ग्रीनवर पूर्वी हरळी होती. १९८१ च्या स्पर्धेपासून बेंट गवत आले. उन्हाळ्यात, म्हणजे बेंटला सर्वांत जड जाणाऱ्या काळात, हा क्लब खेळासाठी बंद ठेवला जातो.

राय गवताची अशी पेरणी केली की वसंतात दोन गवतांची झुंज लागते. वरचे राय ऊन व पाणी अडवते आणि हरळीला जागे होण्यास उशीर होतो. म्हणून जाणकार माळी वसंतात राय गवत बारीक कापून, पाणी बेताचे ठेवून हरळीला ऊन मिळवून देतो. या स्थित्यंतराच्या काळात मैदान चार-दोन आठवडे ठिगळांचे दिसते. ते तसे दिसू देण्याचे धैर्य व्यवस्थापनाकडे असावे लागते. जेथे हिवाळ्यातही हरळी बऱ्यापैकी तग धरते, तेथे केवळ रंगासाठी ही पेरणी करावी काय, हा प्रश्न आपल्याकडे प्रथम विचारावयास हवा.

शेतकऱ्याची शत्रू, माळ्याची मैत्रीण

हरळीशी आपल्या शेतकऱ्याचे जुने वैर आहे. तिची खोडे जमिनीवरून धावतात व जमिनीखालूनही पसरतात. एक पेर मातीत उरले तरी नवे बेट तयार होते. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून हरळी व कुंदा यांच्या काशा उन्हात तापत टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. शेतात नकोसा वाटणारा हाच गुण मैदानावर वरदान ठरतो. चेंडूच्या टोल्याने खळी पडली तर हरळी ती स्वतः भरून काढते.

या साध्या गवताला गोल्फच्या ग्रीनवर मानाचे स्थान मिळवून देण्यात अमेरिकेतील टिफ्टन येथील पैदासशास्त्रज्ञ ग्लेन बर्टन यांचा मोठा वाटा आहे. हरळीचा आफ्रिकेतील एका बारीक पात्याच्या जातीशी झालेला संकर त्यांच्या संशोधनाचा पाया होता. त्यातून १९५६ साली टिफग्रीन, १९६० साली टिफवे आणि १९६५ साली टिफड्वार्फ ही वाणे प्रसृत झाली. या संकरित गवतांना बी धरत नाही. त्यांची पेरे लावूनच लागवड करावी लागते. याच बर्टन यांनी बाजरीचा टिफ्ट २३ ए हा नरवंध्य वाण तयार केला होता आणि त्याच्या आधारे १९६५ साली एचबी-१ हे भारतातील पहिले संकरित बाजरीचे वाण निघाले. पुढे १९७० च्या दशकात गोसावी रोगाने या बाजरीचे मोठे नुकसान केले. एकाच वंशाच्या पिकावर सारी भिस्त ठेवू नये, हा तो धडा हिरवळीलाही लागू पडतो.

नांगराविना मशागत

शेतकरी पीक काढल्यावर जमीन नांगरतो, कुळवतो, तिला उन्हात तापू देतो. हिरवळीच्या माळ्याला नांगर कधीच घालता येत नाही. वर्षानुवर्षे पावले आणि यंत्रे यांच्या भाराने जमीन दबत जाते, मातीच्या कणांमधली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. त्यातच मेलेली खोडे व मुळे यांचा गादीसारखा थर पात्यांच्या खाली साचतो. हा थर बारा मिलिमीटरपर्यंत असला तर फारसे बिघडत नाही. त्याहून वाढला की पाणी वरच अडते आणि बुरशीला व किडींना घर मिळते.

यावर उपाय म्हणजे भोके पाडणे. यंत्राचे पोकळ दाते जमिनीत ७५ ते १०० मिलिमीटर खोल शिरतात आणि मातीच्या कांड्या उपसून वर काढतात. सुमारे साडेबारा मिलिमीटर व्यासाचे दाते पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर चालविले, तर एका चौरस मीटरमध्ये ४०० आणि ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर दोन लाख भोके पडतात. तरीही त्यांनी व्यापलेले क्षेत्र पृष्ठभागाच्या जेमतेम पाच टक्के असते. नंतर कांड्या उचलून त्या भोकांत कोरडी, एकसारख्या कणांची वाळू झाडूने भरतात. जमिनीला कायम वाफसा राहावा, म्हणजे ओलही असावी व हवाही खेळावी, हा या खटाटोपाचा हेतू.

भोके पाडल्यावर दोन-तीन आठवडे ग्रीन ओबडधोबड राहते आणि खेळाडू कुरकुरतात. म्हणूनच वेळेची निवड महत्त्वाची. गवत वाढीच्या भरात असतानाच हे काम करावे, म्हणजे जखमा लवकर भरून येतात. आपल्याकडे ग्रीनपुरते हे काम मार्च महिन्यात करता येते. विस्तीर्ण फेअरवेसाठी मात्र जूनमधील पहिल्या पावसानंतरची वेळ अधिक सोयीची, कारण तेव्हा जखमा भरण्याचे काम पाऊसच करतो. वाळू निवडतानाही दक्षता हवी. जुन्या थरापेक्षा फार बारीक वा फार भरड वाळू टाकली तर दोन थरांच्या सीमेवर पाणी अडते. अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९६० साली ग्रीनच्या बांधणीचा जो नमुना प्रसिद्ध केला, त्यात ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थराखाली १० सेंटिमीटर खडीचा थर आहे. वरचा थर पुरता भिजल्याशिवाय पाणी खडीत उतरत नाही. त्यामुळे मुळांना ओल मिळते आणि जादा पाणी मात्र निघून जाते.

कापणी आणि खत

मैदानाचे गवत पूर्वी मेंढ्या राखीत. १८३० साली एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापण्याचे यंत्र शोधले. गिरणीतल्या कापडाची लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ती कल्पना सुचली. आजही ग्रीनवर चालणारे यंत्र त्याच तत्त्वावर, कात्रीप्रमाणे गवत कातरते. पाते बोथट असेल तर गवत फाटते, टोके पांढुरकी पडतात आणि रोगाला वाट मिळते. हंगामाच्या आरंभी पात्याला धार लावून उंची नेमकी जुळवून घेणे हे वसंतातील पहिले काम होय.

एका वेळी पात्याच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, हा कापणीचा मूळ नियम. थंडीत उंच ठेवलेले गवत वसंतात एकदम खाली आणू नये. आठवड्यागणिक थोडे थोडे उतरवावे. ग्रीनवरील भोकाची जागाही वरचेवर बदलावी, म्हणजे एकाच ठिकाणी पावलांचा भार पडत नाही.

खताच्या बाबतीत संयम हाच नियम. जमिनीचे परीक्षण करून घेतल्यावर, हरळी खरोखर वाढू लागली की चौरस मीटरला अडीच ते पाच ग्रॅम नत्र एका महिन्यात पुरे होते. पाच ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे अकरा ग्रॅम युरिया. तोही एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावा आणि लगेच हलके पाणी द्यावे. लव्हाळ्यासारखे तण हाताने खुरपताना त्याची गाठ मुळासकट निघाली पाहिजे. रासायनिक औषधे फवारणाऱ्या कामगाराला हातमोजे, मुखपट्टी व अंग झाकणारे कपडे पुरविणे ही तर व्यवस्थापनाची प्राथमिक जबाबदारी आहे.

पाण्याचा हिशेब

आता सर्वांत नाजूक प्रश्न. स्कॉटलंडचा वसंत संपतो तो सौम्य उन्हाळ्यात. आपला वसंत संपतो तो वैशाखवणव्यात. ज्या आठवड्यांत हिरवळ वाढीला लागते, त्याच आठवड्यांत विहिरींची पातळी खाली जात असते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे धरले, तर ग्रीनच्या एका हेक्टरला पन्नास हजार लिटर लागतात. बारा हेक्टर फेअरवेला तसेच पाणी दिले तर दिवसाला सहा लाख लिटर खर्ची पडतात. जल जीवन मिशनने २०१९ मध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण ठरविले. त्या मापाने हे सहा लाख लिटर सुमारे अकरा हजार माणसांचे एका दिवसाचे पाणी होते, तर केवळ ग्रीनचे पाणी सुमारे नऊशे माणसांचे.

या हिशेबातून मार्गही दिसतो. ग्रीन व टी यांना नेमके पाणी द्यावे, फेअरवेला जगण्यापुरते द्यावे आणि रफला मुळीच देऊ नये. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा अंतराने पण खोलवर द्यावे. ओल खाली गेली की मुळेही तिच्या मागोमाग खाली जातात. पाणी पहाटे द्यावे, कारण रात्रभर ओली राहिलेली पाती बुरशीला आमंत्रण देतात. तहान ओळखण्याची खूण सोपी आहे. चालून गेल्यावर पावलांचे ठसे गवतावर तसेच राहिले आणि रंगावर निळसर करडी छटा आली की पाण्याची वेळ झाली असे समजावे. ठसे लगेच पुसले जात असतील तर नळ बंदच ठेवावा.

पिण्याच्या पाण्याऐवजी शुद्धीकरण केलेले सांडपाणी वापरणे हा दुसरा मार्ग. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, त्यामुळे असे पाणी तिला मानवते. मात्र अशा पाण्याने जमिनीत क्षार साचतात. त्यांची वर्षातून एक-दोनदा तपासणी करावी, सोडियम वाढल्यास जिप्सम द्यावे आणि निचरा मोकळा ठेवावा. पावसाळ्यात साचलेले क्षार बऱ्याच अंशी धुऊन जातात. हे नळ पिण्याच्या पाण्याच्या नळांपासून सर्वस्वी वेगळे व ठळक खुणेचे असावेत.

पिवळे गवत मेलेले नसते

उन्हाळ्यात पिवळे पडलेले हरळीचे मैदान पाहून ते मेले असे समजण्याचे कारण नाही. तिची खोडे जमिनीखाली महिनोन् महिने जिवंत राहतात आणि मृगाच्या पहिल्या सरींनी पुन्हा फुटतात. ही सहनशक्ती तिच्या अंगी उपजतच आहे. तिचा आदर करणे हा पाणी वाचविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय. मैदानाचा रंग सदासर्वकाळ गडद हिरवा असलाच पाहिजे, हा आग्रह सभासदांनी व समित्यांनी सोडला तर माळ्याला मुळांकडे लक्ष देण्यास उसंत मिळेल.

गोल्फ क्लबांकडे यंत्रे असतात, तज्ज्ञ असतात. गावच्या शाळेच्या क्रीडांगणाकडे ती नसतात. तथापि या विद्येचा गाभा यंत्रावर अवलंबून नाही. जमिनीचा वाफसा पाहावा, दबलेल्या जागी पहारीने वा दाताळ्याने भोके पाडून वाळू भरावी, गवत एकतृतीयांशाहून अधिक कापू नये, पाणी पहाटे व खोलवर द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस मैदानाला विश्रांती द्यावी, एवढे कोणत्याही ग्रामपंचायतीला, शाळेला वा क्रीडामंडळाला करता येण्यासारखे आहे. हरळी तर तेथे न लावताच उगवलेली असते. तिला शत्रू न मानता वसंतात थोडी जागा, थोडी हवा आणि बेताचे पाणी दिले, तर पावसाळ्यानंतर मुलांच्या पायांखाली धुळीऐवजी हिरवळ असेल.